फिरतीवर असतो म्हणून इथं राहात नाही असं कसं?

संपादक साहेब,

स.न.वि.वि.

७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, सकाळी साडेसातलाच आईला घेऊन बूथवर गेलो. आईचं वय ८१, गुडघे धरलेले, रिक्षातनं उतरवून शाळेच्या दारापर्यंत हाताला धरून नेलं आणि तिथनं पुढं शेजारच्या वहिनींनी तिला आत नेलं कारण भारताचं नागरिकत्व नसल्यानं माझं नाव यादीत नाही. मी बाहेर कंपाऊंडच्या भिंतीला तिची पिशवी धरून उभा. वीस मिनिटांनी आली, बोटावरची शाई मला दाखवली आणि म्हणाली, "तुझं कधी रे?" तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय, आणि मला माहिती आहे की कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडं माझ्यासारखे बरेच लोक असतील ज्यांना हाच प्रश्न पडलेला आहे, फक्त कुणी बोलत नाही.

माझं थोडक्यात सांगतो. जन्म शिवाजी पेठेतला, शिक्षण सगळं इथलंच, मेटलर्जी केली आणि २००१ साली इंग्लंडला बर्मिंगहॅमजवळ एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नोकरी लागली. २००९ ला तिकडचं नागरिकत्व घेतलं. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप संपतं, हे मला माहीत होतं आणि ते मी डोळे उघडे ठेवून केलं, त्याबद्दल माझी कुणाबद्दल तक्रार नाही. २०१० ला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड काढलं. मग २०१६ ला वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला आणि शिरोली एमआयडीसीतली आमची फाउंड्री बघायला कोणी नव्हतं, तेव्हा बायको-मुलीला घेऊन कायमचा परत आलो. तेव्हापासून इथंच आहे. वडील गेले, आई आहे, मुलगी इथल्याच कॉलेजात शिकली. साठ-पासष्ट माणसं आमच्याकडं कामाला आहेत.

ओसीआय कार्डाच्या नावात 'सिटिझन' शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित ऊस आहे तो आहे, पण बांधाला लागून असलेली चुलत्यांची दहा गुंठे विकायला निघाली तेव्हा ती मला घेता आली नाही, दुसऱ्याच्या हातात गेली. तेव्हा ठरवलं की आता नागरिकत्व परत घ्यायचं. ब्रिटिश पासपोर्ट सोडायचा, त्याची मनाची तयारी झालीय, बायकोचीही झालीय.

आता कायदा काय सांगतो ते बघा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ५ आहे, त्यात सोय आहे की ज्याच्याकडं पाच वर्षं ओसीआय कार्ड आहे आणि जो अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात 'सर्वसाधारणपणे रहिवासी' आहे त्याला नोंदणी करून नागरिक होता येतं. ऐकायला किती सोपं वाटतं, मलाही वाटलं होतं. मी तर २०१६ पासून इथं आहे, बारा महिने म्हणजे काय मोठं. पण हे बारा महिने म्हणजे सलग बारा महिने धरतात, देशाबाहेर गेलात की मोजणी तुटली. २०१५ साली दुरुस्ती झाली आणि त्यात थोडी ढील दिली, की विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कारण लेखी नोंदवून जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं, ते तीस दिवस तुकड्या-तुकड्यात असले तरी चालतील. म्हणजे सूट हक्कानं मिळत नाही, दिली तर मिळते, आणि मिळाली तरी तीसच. एकतिसावा दिवस झाला की विषय संपला.

आता फाउंड्रीचा धंदा ज्यांना माहिती आहे त्यांना विचारा. आमचं निम्म्यापेक्षा जास्त कास्टिंग (ओतीव माल) एक्स्पोर्टला जातं, जास्त करून जर्मनी आणि इंग्लंड. नवीन पार्ट डेव्हलप होतो तेव्हा सँपल घेऊन समोर बसावं लागतं, ऑडिट असतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कंप्लेंट. मशिनिंग झाल्यावर आतमधे ब्लोहोल (हवेची पोकळी) निघाला की त्यांची लाईन थांबते आणि मग फोन येतो तो रात्री अकराला येतो, की माणूस पाठवा. तिथं मेल चालत नाही, व्हिडिओ कॉल चालत नाही. स्वतः जाऊन गोडाऊनमधे उभं राहून एकेक पीस वेगळा काढावा लागतो, कुठल्या हीटचा (भट्टीच्या खेपेचा) माल आहे, साच्याच्या वाळूत ओल किती होती, सगळं सांगावं लागतं. कंप्लेंटला मालक गेला नाही तर पुढची ऑर्डर जात नाही, हे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल कुठंही विचारा. म्हणजे मी बाहेर जातो ते या साठ-पासष्ट घरांची चूल इथं पेटती राहावी म्हणून जातो, आणि माझ्या विरोधात मोजले जातात ते नेमके तेच दिवस.

२०२२ ला पहिला अर्ज केला तेव्हा मागच्या बारा महिन्यातले ५२ दिवस बाहेर होते. मला वाटलेलं की धंद्याचं काम आहे, पत्रं जोडू, कस्टमरची निमंत्रणं जोडू, समजून घेतील. अर्ज परत आला. ज्यांनी परत दिला ते माणूस म्हणून चांगलेच वागले, चहा पाजला, म्हणाले साहेब तुमचं खरं आहे पण आमच्या हातात आकडा आहे. दुसऱ्यांदा ठरवून बसलो. पुतण्याला तयार केला, दोन प्रदर्शनं सोडली, एक कस्टमर नाराज झाला तो झाला. तरी वर्षात तीन वेळा जावंच लागलं, एकदा ९ दिवस, एकदा १४ आणि शेवटी कंप्लेंट आली म्हणून ११. बेरीज ३४. चार दिवसांसाठी वर्ष गेलं. ३३१ दिवस मी कोल्हापुरात होतो, पण मोजले गेले ते ३४.

(एक गोष्ट मनाला फार लागून राहिलीय ती इथंच सांगतो. मार्च २०२० ला आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली तेव्हा मी सलग दीड वर्ष कोल्हापूर सोडलं नव्हतं. तेव्हा अर्ज केला असता तर दिवसांचा प्रश्नच आला नसता. पण तेव्हा वडिलांचं शेवटचं दुखणं चाललेलं, ऑक्सिजन सिलिंडर शोधत फिरत होतो, नागरिकत्व कुणाला सुचणार.)

दिवसांचं झालं, आता पुराव्याचं बोलतो, कारण फिरतीच्या माणसाला खरा त्रास तिथं आहे. परदेशी नागरिक व्हिसावर दीर्घकाळ राहात असेल तर त्याला नोंदणी करावी लागते, म्हणजे त्याच्याकडं निदान राहण्याचा सरकारी कागद असतो. ओसीआयवाल्याला ती नोंदणी माफ आहे, ती सवलत म्हणून दिलीय आणि चांगलीच आहे, पण त्यामुळं होतं काय की आम्ही दहा वर्षं इथं राहिलो तरी आमच्या हातात 'हा माणूस इथं राहतो' असं म्हणणारा तसला एकही कागद नसतो. मग आपण गोळा करत बसायचं. लाईट बिल वडिलांच्या नावावर. घरपट्टी वडिलांच्या नावावर. गॅसचं पुस्तक आईच्या नावावर. एकत्र घरात असंच असतं, नवीन काही नाही त्यात, पण फाईलमधे ते माझे पुरावे होत नाहीत. बँकेचं स्टेटमेंट दिलं तर त्यात हॉटेलचे, पेट्रोल पंपाचे खर्च राजकोट, कोइम्बतूर, पुण्याचे, कारण देशातही फिरती आहेच, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि पॅटर्नसाठी (साच्याच्या नमुन्यांसाठी) जावं लागतं.

आणि पासपोर्टचे शिक्के. एक रात्र मी आणि मुलगी जेवणाच्या टेबलावर दोन पासपोर्ट उघडून बसलो होतो, वडिलांचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन. फ्रँकफर्टचा शिक्का मुंबईच्या शिक्क्यावर चढलेला, परत आल्याची तारीख ११ आहे का १७ ते कळेना. टेबललॅम्प जवळ घेतला, पान तिरकं धरलं, मुलीनं मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघितला, तरी कळेना. मग बोर्डिंग पास शोधले, ते मी जपून ठेवलेत एका बिस्किटाच्या डब्यात. डबा उघडला तर जुन्या पासवरची शाई पार उडालेली, त्या चकचकीत कागदावर ऊन आणि उष्णता लागली की अक्षर राहात नाही. कोरे कागद निघाले. शेवटी एअरलाईनला मेल टाकून जुन्या तिकिटाची कॉपी मागवली तेव्हा कळलं की ११ तारीख. ती १७ धरली गेली असती तर माझ्या नावावर सहा दिवस आणखी चढले असते, आणि इथं भांडण चार दिवसाचं आहे.

यात मला एक कळत नाही. विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरला प्रत्येक वेळी आपला पासपोर्ट कॉम्प्युटरवर नोंदला जातो, कधी गेला कधी आला हे सरकारकडं आहे. मग तोच उतारा अर्जदाराला अर्ज करायच्या आधी का मिळू नये? सात-बारा ऑनलाईन मिळतो, तसा हा मिळावा. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या येण्या-जाण्याची सरकारी नोंद मागून घेता येते. ती एक गोष्ट झाली तरी माझ्यासारख्याची निम्मी कटकट संपेल आणि तपासणाऱ्याचीही.

घरी चौकशीला आले त्याचं पण सांगितलं पाहिजे. पहिल्या अर्जाच्या वेळी व्हेरिफिकेशनला माणूस आला तेव्हा मी कोइम्बतूरला होतो, आई दवाखान्यात गेलेली, घराला कुलूप. त्यांनी समोरच्या काकूंना विचारलं. काकू चांगल्या मनाच्या, मला लहानपणापासून बघितलेलं, त्या कौतुकानं म्हणाल्या, "तो कुठला घरात सापडतोय, सारखा फिरतीवर असतो बिचारा." हे वाक्य तसंच कागदावर गेलं, की अर्जदार बहुतांशी बाहेर असतो. काकूंना नंतर कळलं तेव्हा त्या रडायला लागल्या. त्यांचा काय दोष? आपल्या भाषेत फिरती म्हणजे कष्ट, पण फाईलमधे त्याचाच अर्थ 'हा इथं राहात नाही' असा झाला. येण्याआधी एक फोन केला असता तर मी कोइम्बतूरचं काम एक दिवस पुढं ढकललं असतं, आणि मुळात कोइम्बतूर भारतातच आहे, तिथं गेल्यानं कायद्याला काही बाधा येत नाही.

मोजमापच नको असं माझं म्हणणं अजिबात नाही. नागरिकत्व मोठी गोष्ट आहे, कुणीही यावं आणि घेऊन जावं असं नसावं, कागद कडक तपासलेच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच आहे की राहणं कशाला म्हणायचं ते नीट ठरवा. कारण दुसरे कायदे बघितले तर हेच सरकार मला इथला रहिवासी मानतं. इन्कम टॅक्सला वर्षात १८२ दिवस भारतात असलं की रहिवासी, आणि त्या हिशोबानं मी जगभरातल्या उत्पन्नावर इथं कर भरतो. आधार कार्डाला मागच्या बारा महिन्यात १८२ दिवस, ते मला मिळालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मतदार यादीचा जो १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे त्याच्या कलम २० मधे तर स्पष्ट लिहिलंय की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी राहात नाही असं होत नाही. शब्द तोच, सर्वसाधारण रहिवासी. तिथं शहाणपणानं अर्थ लावलाय, मग तोच शब्द नागरिकत्वाच्या दारात आला की एवढा आखडता का होतो?

मी स्वतः एकदा दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाच्या रांगेतनं गेलोय म्हणून तिकडचं सांगू शकतो. इंग्लंडमधे पाच वर्षात ४५० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नको आणि शेवटच्या बारा महिन्यात ९० पेक्षा जास्त नको. फॉर्ममधे तक्ताच असतो, कधी गेलो, कधी आलो, कशाला गेलो. आणि त्याहून जास्त दिवस झाले तरी अधिकाऱ्यांसाठीच्या सूचनांमधे लिहिलेलं आहे की ज्याचं घर-कुटुंब इंग्लंडमधे आहे आणि ज्याच्या कामाचं स्वरूपच असं आहे की बाहेर जावं लागतं, उदाहरणार्थ जहाजावरचा माणूस किंवा तिथल्या कंपनीसाठी सारखा परदेशी जाणारा, त्याचा विचार करता येतो. ऑस्ट्रेलियात तर ठराविक कामांसाठी वेगळाच नियम आहे, चार वर्षात ४८० दिवस आणि शेवटच्या वर्षात १२० दिवस देशात असलं तरी चालतं. कॅनडाला पाच वर्षात १०९५ दिवस प्रत्यक्ष हजेरी लागते पण ते कसेही पसरलेले चालतात. अमेरिकेत पाच वर्षातले निदान तीस महिने. या देशांची मुदत आपल्या बारा महिन्यांपेक्षा लांब आहे हे मान्य, आणि आपल्यालाही मुदत लांब करायची असेल तर करा, मला दोन वर्षं, तीन वर्षं सांगा, मी देतो. पण त्या काळात कामासाठी बाहेर जायला वाव ठेवा.

हे फक्त माझ्यासारख्या परत आलेल्यांचं नाही. आमच्या ओळखीत एक सून आहे, जन्म परदेशातला, लग्न करून इकडं आली, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ बोलते, चपलांचा व्यवसाय सांभाळते, कोल्हापुरी चप्पल बाहेरच्या प्रदर्शनात नेऊन विकते. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्यांना सात वर्षं लागतात, म्हणजे शेवटचे बारा महिने सलग आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षात मिळून सहा वर्षं. आधीचं सगळं तिचं पूर्ण आहे, अडतंय ते त्याच शेवटच्या बारा महिन्यावर. दोन प्रदर्शनं केली की तीस दिवस संपले. तिच्या गटात चप्पल शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांना काय सांगायचं, की यंदा थांबा?

म्हणून आपल्या वृत्तपत्रातनं माझी आपल्या खासदारांना आणि केंद्राच्या गृह खात्याला विनंती आहे की ती तीस दिवसांची मर्यादा कामानिमित्त जाणाऱ्यांसाठी वाढवा, ९० करा, कस्टमरची पत्रं, जीएसटी, शिपिंग बिलं जे काय लागेल ते घ्या. आणि ते होईपर्यंत निदान राहण्याचा पुरावा म्हणून काय-काय चालेल याची एक लेखी यादी मराठीत मिळू दे, ज्यात घर आई-वडिलांच्या नावावर असेल तर काय द्यायचं तेही असेल. आज एक जण सांगतो भाडेकरार आणा, दुसरा सांगतो स्वतःच्या घराचा कसला भाडेकरार. व्हेरिफिकेशनला येण्याआधी फोन करा. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना तर कायदा बदलावा लागेल असं मला वाटत नाही.

आणि जे आता परत यायच्या विचारात आहेत त्यांना मी हात जोडून सांगतो, पहिल्या दिवसापासून एक वही करा. गेलेली तारीख, आलेली तारीख, कारण, तिकिटाचा नंबर. बोर्डिंग पास आल्या-आल्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा, डब्यात ठेवू नका. शिक्का मारल्यावर काउंटर सोडायच्या आधी तारीख वाचता येते का बघा. एखादं तरी बिल स्वतःच्या नावावर करून घ्या, बँकेचा पत्ता इथला करा. चौकशीला कोण आलं तर काय सांगायचं हे शेजाऱ्यांना शिकवायला जाऊ नका, फक्त एवढं सांगून ठेवा की बाहेर असलो तर माझा नंबर द्या.

२०१९ च्या ऑगस्टमधे पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, तेव्हा आमचे अठ्ठावीस कामगार फाउंड्रीतच अडकले होते आणि मी त्यांच्याबरोबर. पॅटर्न शॉपच्या माळ्यावर झोपायचं, भट्टी बंद, खिचडी आणि भात, पाणी पिंपातनं मोजून. घरी आई-वडील एकटे, फोन लागत नव्हता. त्या दिवसांची माझ्याकडं ना पावती आहे ना शिक्का. पण माझं राहणं कुठं आहे असं मला कुणी विचारलं तर मला तो माळा आठवतो.

माझी तिसरी मोजणी सध्या चालू आहे. सातवा महिना आहे, आत्तापर्यंत २२ दिवस बाहेर गेलेत, आठ शिल्लक आहेत. काल रात्री जर्मनीहून मेल आलाय, नवीन पार्टच्या पहिल्या लॉटमधे गळती निघालीय, पुढच्या सोमवारी या म्हणतात. जायला-यायला धरून किमान सहा दिवस. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक फाउंड्रीवाला, शिवाजी पेठ, कोल्हापूर